बेचाळिसाव्या पानावरची चूक

खोली बघायला गेलो तेव्हा भाडं सांगायच्या आधी काकूंनी मला विचारलं, "सर, पृथ्वीच्या पोटात काय आहे?"

मी सौंसरच्या कॉलेजात नुकताच अतिथी विद्वान म्हणून लागलो होतो. नाव भारदस्त, नोकरी कच्ची. दर वर्षी प्राचार्यांनी नाव पुढे पाठवलं तर राहायचं, नाही तर घरी. मी मूळचा पांढुर्ण्याचा. रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, पण कॉलेजचा पहिला तास आणि पांढुर्ण्याची पहिली बस यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. म्हणून खोली शोधत होतो.

"मी वाणिज्य शिकवतो," मी म्हणालो.

"मंग? वाणिज्यवाले पृथ्वीवर राहात नाईत का?"

"लाव्हा असतो," मी भीत भीत म्हटलं.

"अर्धं बरोबर. अगदी मंधात लोखंड आहे, घट्ट. तुले माहीत नसन असं वाटलंच होतं मले. सामान घेऊन ये."

माझ्याआधी भौतिकशास्त्राचे एक शिक्षक खोली पाहून गेले होते. त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली आणि त्यांना खोली मिळाली नाही. "त्याले सगळंच येते," काकू म्हणाल्या, "मंग मी बोलू कोणाशी?"

मला त्या 'सर' म्हणायच्या आणि त्याच वाक्यात 'तू'ही म्हणायच्या. वय साठीच्या अलीकडचं, शिक्षण अकरावी, आवाज त्यांच्या संत्र्याच्या बगिच्याच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा. अंबाड्यात कायम एक बॉलपेन खोचलेलं असे. वाचन स्वयंपाकघरात, उभ्यानं चाले. पुस्तक कुकरला टेकवलेलं, एका हातात उलथनं. त्यामुळे पुस्तक किती आवडलं ते हळदीच्या डागांवरून कळायचं. चांगल्या पुस्तकाला पिवळेपणा शेवटच्या पानापर्यंत असे. कंटाळवाण्या पुस्तकाचा पिवळेपणा तिसऱ्या पानावर थांबलेला असे आणि ते पुस्तक उन्हाळ्यात कूलरच्या हलणाऱ्या पायाखाली जाई.

पुस्तकं आणायचं काम काकांचं. काका म्हणजे काकूंचे यजमान. दिवसभर बगिच्यात. बोलणं मोजकं, वाचन शून्य. संत्र्याची गाडी नागपूरला गेली की परत येताना ते रद्दीवाल्याकडून पुस्तकांची एक थैली भरून आणत. निवड करताना ते एवढंच बघत, की पानं सगळी आहेत ना आणि वाळवी लागलेली नाही ना. आकाशगंगा, मेंदूचे रोग, लोणच्यांचे प्रकार, कुणाचं तरी आत्मचरित्र, दहा वर्षांपूर्वीचं रेल्वेचं वेळापत्रक, असं सगळं एका थैलीतून यायचं. काकू सगळं वाचायच्या, वेळापत्रकसुद्धा. त्यावर त्यांचं मत असं होतं, की लेखकानं आशा फार दाखवली आहे.

प्रत्येक पुस्तकावर त्यांचं मत असे आणि ते ऐकून घेणं हे माझ्या भाड्यातच धरलेलं होतं.

विश्व सतत पसरतंय हे त्यांनी वाचलं त्या आठवड्यात मी खोली लहान पडते म्हणून कुरकुर केली. "थांब," त्या म्हणाल्या, "पसरून राहिली." आकाशगंगा एकमेकींपासून दूर चालल्या आहेत याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. "आमचे दीर छिंदवाड्याले गेले तवापासून तेच करून राहिले. त्याच्यासाठी दुर्बीण कायले पायजे?"

मेंदू बसल्या जागी फार अन्न खातो, असं एका पुस्तकात आलं. तेव्हापासून परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायच्या दिवशी मला डब्यात एक भाकरी जास्त येऊ लागली. मोबाइल पाहत बसलेला दिसलो तर एक कमी. मोबाइलवर किती जंतू असतात हेही त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेतून उठून पाहतो तो माझा फोन गच्चीवर, पापडांच्या रांगेत, पातळ फडक्याखाली वाळत घातलेला. मे महिना होता. फोन परत कधी बोलला नाही. काकूंना वाईट वाटलं, पण पुस्तक चुकलं असं त्या म्हणाल्या नाहीत. "जंतू तं मेले ना?"

आत्मचरित्र हाती आलं की त्या आधी बायको कितव्या पानावर येते ते शोधत. एका थोर माणसाची बायको एकशे बाराव्या पानावर आली. काकूंनी पुस्तक मिटलं. "एकशे अकरा पानं याले जेवू कोण घालून राहिलं होतं?" कवितांविषयी त्यांची तक्रार अशी, की ओळ पूर्ण न करताच माणूस खाली उतरतो, अर्धा कागद कोरा जातो. रहस्यकथा मात्र त्यांना आवडत. पण वाचून झालं, की पहिल्या पानावर बॉलपेननं खुन्याचं नाव लिहून ठेवत. मी बोललो तेव्हा म्हणाल्या, "लोकायचा टाइम वाचते. मले नाहक दोन दिवस त्या डॉक्टरवर संशय घ्यावा लागला. बिचारा चांगला होता."

झाडं जमिनीखालून, मुळांमधून एकमेकांशी बोलतात, हे त्यांनी वाचलं तो काळ काकांना जड गेला. त्या सुमारास बगिच्याला पाणी द्यायच्या पाळीवरून काकांची काहीतरी चूक झाली होती आणि काकूंना त्यांना बोलायचं होतं. बगिच्यात बोलायची सोय राहिली नव्हती. त्यांनी काकांना बाहेर डांबरी रस्त्यावर बोलावून घेतलं. "अठी बोलू. तठी एका झाडानं ऐकलं तं शेवटच्या ओळीपर्यंत जाते, अन् मंग फळ धरत नाई." रस्त्यावर उभ्यानं त्यांनी काकांना पंधरा मिनिटं झाडलं. त्यात दोन बस येऊन गेल्या, दोन्ही भरलेल्या. झाडांना काही कळलं नाही, पण बाजाराच्या दिवसापर्यंत सौंसरला सगळं माहीत झालं होतं.

हे ज्यात होतं ते झाडांचं पुस्तक मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात आलं. लिहिणारे गृहस्थ भोपाळचे, मराठीतले नावाजलेले विज्ञानलेखक. काकूंना पुस्तक इतकं आवडलं, की एकेचाळीस पानं हळदीनं माखली. बेचाळिसाव्या पानावर वाक्य होतं की संत्र्याचं झाड वर्षातून एकदाच, वसंतात, फुलतं.

त्या संध्याकाळी भाजी करपली.

आमच्याकडे संत्र्याला दोन बहार घेतात हे शाळेतलं पोरही सांगेल. थंडी सरताना फुलतो तो आंबिया, पावसाळ्याच्या तोंडी फुलतो तो मृग. काका अर्धा बगिचा आंबियाचा धरत आणि अर्धा मृगाचा. "मंग मृगाचा बहार काय मी सपनात तोडून राहिली?" काकू गरजल्या. रात्रीच्या जेवणाला नुसतं वरण-भात होतं. सकाळी पहिलं पोस्टकार्ड गेलं. उत्तर नाही. मग दुसरं, तिसरं, चौथं. तोवर पुस्तक पुन्हा वाचून त्यांनी आणखी पंधरा चुका काढल्या होत्या. सगळ्या मिळून सोळा.

आणि नेमके तेच लेखक आमच्या कॉलेजात पाहुणे म्हणून येणार असं ठरलं, फेब्रुवारीच्या शेवटी.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. आदल्या वर्षी कॉलेजात आरोग्यावर बोलायला एक डॉक्टर आले होते. प्रश्नोत्तरांत काकू उठल्या आणि पाऊण तास बसल्या नाहीत. डॉक्टरांची नागपूरची बस चुकली आणि त्यांना प्राचार्यांच्या घरी मुक्काम करावा लागला. प्राचार्यांच्या ते मनात होतं.

"सर, ती तुमची मकानमालकीण," ते म्हणाले, "त्या दिवशी कॉलेजात नाही दिसली पाहिजे. जिम्मेदारी तुमची. जूनमध्ये तुमचं नाव पुढं पाठवायचं का नाही, ते मलाच पाहायचं आहे. समझे ना?"

मी समजलो. घरी काकू सोळा चुकांच्या सोळा चिठ्ठ्या पुस्तकात खोचून बसल्या होत्या. आठ दिवस माझ्याच्यानं तोंड उघडवलं नाही. आदल्या दिवशी चहा पिता पिता बशीकडे बघत म्हणालो, "काकू, कार्यक्रम पांढुर्ण्याला हलवलाय. म्हणजे, तिथला हॉल मोठा आहे. म्हणजे, कॉलेज तेच बोलावतंय, पण तिथं. म्हणजे, पांढुर्ण्याला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "असं का?"

"हो."

"पाहुणे भोपाळवरूनच येऊन राहिले ना? रेल्वेनं?"

"हो हो," मी म्हणालो. अवघड काही विचारलं नाही याचाच मला आनंद झाला.

"मंग सात वाजताच्या बसनं जातो मी."

सकाळी वरच्या गॅलरीतून मी त्यांना जाताना पाहिलं. लग्नकार्यात नेसायचं निळं पातळ. एका हातात पुस्तक आणि संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलांची डहाळी. आंबियाचा फुलोरा ऐन भरात होता आणि मृगाचं फळ तोडणीला आलं होतं. म्हणजे फूल आणि फळ एकाच दिवशी त्या लेखकापुढे धरता येणार होतं. काकांनी त्यांना फटफटीवर मागं बसवलं. जाताना काकूंनी वर पाहून मला हात केला.

मला नाश्ता गेला नाही. पांढुर्ण्याच्या कॉलेजच्या फाटकाशी चौकीदार त्यांना काय सांगेल, हे मला दिसत होतं. तिथं त्या थैली घेऊन कुठं बसतील, हेही दिसत होतं. कॉलेजात मी हार मोजले, माइक तपासला, दोनदा माझं नाव कोणी पुकारलं ते मला ऐकू आलं नाही. लेखकांना आणायला प्राचार्यांनी सकाळीच पांढुर्णा स्टेशनवर गाडी पाठवली होती. सौंसरला यायचं तर भोपाळचा माणूस तिथंच उतरणार, याचा मी आदल्या दिवशी विचार केला नव्हता. वाणिज्यवाल्याची ही अशी गत.

बारा वाजता गाडी फाटकातून आत आली. प्राचार्य हार घेऊन पुढं झाले, मी गुच्छ घेऊन मागं. दार उघडलं. आधी संत्र्यांची थैली उतरली. मग निळं पातळ उतरलं. त्यानंतर लेखक उतरले, बुटांना चिखल, शर्टावर रस सांडलेला, मुठीत संत्र्याची सालं, टाकावी कुठं म्हणून इकडेतिकडे पाहणारे.

प्राचार्यांचा हार हवेत थांबला.

"प्राचार्यसाहेब," लेखक म्हणाले, "तुमची कल्पना मला फार आवडली. इतकी वर्षं कार्यक्रमांना जातो, स्वागताला प्रत्यक्ष वाचक कुणी पाठवला नव्हता!"

प्राचार्यांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हार घातला. "आमच्या कॉलेजची परंपराच आहे ती," ते म्हणाले.

वाटेत काय झालं ते मला ड्रायव्हरनं मंडपामागे सांगितलं. काकू नऊ वाजल्यापासून स्टेशनच्या बाकावर बसल्या होत्या. भोपाळची रेल्वे आली. मागच्या पानावरच्या फोटोवरून त्यांनी लेखकांना ओळखलं, जरी फोटोतले केस आता राहिले नव्हते. पहिलंच वाक्य, "फोटो बदला. अन् बेचाळीसवं पान बदला." ड्रायव्हरला वाटलं बाई कॉलेजच्या. लेखकांना वाटलं कॉलेजनं पाठवल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही आणि तिघं निघाले.

लेखक आधी म्हणाले, की मोठमोठ्या संदर्भग्रंथांत तसंच दिलं आहे. काकूंनी फडकं सोडून फूल दाखवलं, थैलीतून फळ दाखवलं. लेखक म्हणाले, ही दोन वेगळ्या गावची असतील. मग सौंसरच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या आपल्याच बगिच्यापाशी काकूंनी गाडी थांबवली. तिथं काका आंब्याखाली न्याहारी करत बसले होते. पाहुणे कोण हे त्यांना माहीत नव्हतं. बायकोनं आणले आहेत म्हणजे चालवून घ्यायचे, एवढं त्यांना कळत होतं. ते हात धुऊन उठले, पाहुण्यांना आधी पांढऱ्या फुलांनी लदलेल्या ओळीत नेलं, मग बांध ओलांडून पिकल्या फळांच्या ओळीत. "हा आंबिया, हा मृग," ते म्हणाले. दिवसभराचं त्यांचं बोलणं त्यात संपलं. लेखकांनी उभ्यानं सहा संत्री खाल्ली.

"माणूस खाऊन राहिला होता आन् रडायले आला होता," ड्रायव्हर म्हणाला. "आता ते आंबट लागलं का काय, मले नाई माहीत."

भाषणात लेखकांनी सरळ सांगून टाकलं. झाडांवर पुस्तक लिहिलं, पण संत्र्याच्या बगिच्यात आयुष्यात प्रथम आज पाऊल ठेवलं. चार पोस्टकार्डं आली होती, ती कुणा रागीट कृषी अधिकाऱ्याची समजून बाजूला ठेवली. मग त्यांनी काकूंना मंचावर बोलावलं.

मी डोळे मिटून घेतले. प्राचार्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पण माइकपुढे काकूंचा आवाज लागेना. एवढी पोरं समोर त्यांनी कधी पाहिली नव्हती. पदर सारखा केला, पुस्तक छातीशी धरलं.

"किताब चांगली आहे," त्या म्हणाल्या. "सोळा गलत्या आहेत." चिठ्ठ्या खोचलेलं पुस्तक वर करून दाखवलं. "पण सोळा गलत्या काढाले किताब पुरी वाचावी लागते, दोनदा. ज्याची नाई आवडत, त्याची मी एकही गलती काढली नाई आजपर्यंत. कूलरखाली ठेवून देतो." पोरं हसली. त्याही हसल्या. "वाचत जा रे," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. दोन मिनिटंही झाली नव्हती.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. काकू उरलेली संत्री टोपलीत लावत होत्या.

"काकू, मी खोटं बोललो."

"माहीत आहे मले. तीन खेपा 'म्हणजे' म्हणला तू. चहात माशी पडल्यासारखा बशीत पाहून राहिला होता."

"मग तुम्ही पांढुर्ण्याला गेलात कशाला?"

"भोपाळचा माणूस उतरन तं पांढुर्ण्यालेच ना? अठी कॉलेजात हार, फोटो, नाश्ता. मले दोन मिनिटं भेटली असती. गाडीत पुरा एक घंटा भेटला. दार बंद, माणूस पळू शकत नाई." त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग हसू थांबलं. "प्राचार्यानं सांगितलं असन तुले."

मी मान हलवली.

"मंग मले सांगाचं ना. 'काकू, माही नोकरी आहे, तुमी येऊ नका.' मी आलीच नसती रे."

त्या सहज बोलल्या होत्या, चुकांची चिठ्ठी दाखवावी तशा. ही सतरावी चूक माझी होती. त्यांनी टोपलीतलं एक संत्रं माझ्याकडे फेकलं. मला ते झेलता आलं नाही. ते फ्रीजखाली गेलं आणि ते काढायला आम्ही दोघं फरशीवर आडवे झालो, लाटणं घेऊन.

जूनमध्ये प्राचार्यांनी माझं नाव पुढे पाठवलं. 'वाचक-स्वागत' या उपक्रमाचा अहवाल मलाच लिहायला लावला, त्यात कल्पना त्यांची होती. आणखी एक वर्ष मी काकूंकडे राहिलो. मग पांढुर्ण्यातच मला पक्की नोकरी लागली आणि मी घरी आलो.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली होती, लेखकांनी एक प्रत टपालानं पाठवली होती. सोळाच्या सोळा दुरुस्त्या केल्या होत्या. "पण तू येऊन पाह्य एकदा," काकू म्हणाल्या. आवाज बारीक होता, म्हणून मी त्याच रविवारी गेलो.

फाटकाशी काकाच भेटले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ते पुस्तक. त्यांनी ते काढलं, बेचाळिसावं पान उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर जुळवत, मला वाचून दाखवलं. ही दुरुस्ती सुचवल्याबद्दल सौंसरच्या एका अनुभवी शेतकरी बंधूंचे लेखक आभारी आहेत, अशी ती ओळ होती.

"माह्याबद्दल लिवलं," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी दाखवली होती ना मी दोन्ही झाडं त्याले. ध्यानात ठेवलं त्यानं."

मी तडक आत गेलो. "काकू! बंधू? चार पोस्टकार्डं तुमची, सोळा चिठ्ठ्या तुमच्या! कुठंय पेन? आत्ता लिहू."

"हळू बोल." त्यांनी दार लोटून घेतलं. "दिसलं मले. पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग पत्र नाही लिहिलं?"

"लिहिलं होतं. फाडलं." त्यांनी फटीतून बाहेर पाहिलं. "सगळ्या गल्लीले वाचून दाखवून राहिले हे. अन् तेवढंच वाचून थांबले नाईत. पुढचं वाचून राहिले. परवा एक पान झालं, आज दुसरं."

मी काही म्हणणार, तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज आला.

"अवं, हे प्रकाशसंश्लेषण म्हंजे काय असते?"

काकूंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर गेल्या.